थायमस आणि अर्धा कोयता

नगरच्या कापडबाजारातून मी आजही बिनधास्त फिरते. त्या बाजारातली निम्मी माणसं कधी ना कधी माझ्या हाताखाली झोपून उठलेली असतील, पण वळून नमस्कार करणारं कोणी नाही. त्यात त्यांचा दोष नाही. माझा चेहरा त्यांनी पाहिला तो डोळ्यांवर झापड येताना, आणि जाग आली तेव्हा समोर सर्जन उभा होता. त्यामुळे पेढे सर्जनला, नारळ सर्जनला, हिवाळ्यात हुरड्याचं आमंत्रणही सर्जनला. "भूल जरा जास्तच झाली होती का हो? डोकं अजून जड आहे," ही तक्रार मात्र न चुकता माझ्या दारात येते.

मी भूलतज्ज्ञ. शिकले मुंबईत, नोकरी केली नगरच्या एका दवाखान्यात. तिथल्या सर्जनना सगळे 'मोठे डॉक्टर' म्हणत आणि मला 'भूलवाल्या बाई'. मोठ्या डॉक्टरांचा हात सोन्यासारखा होता. जिभेबद्दल तसं म्हणता येणार नाही.

लोकांना वाटतं, भूल म्हणजे झोप. झोप हा त्यातला सोपा भाग आहे. पोट उघडायचं असेल तर पोटाचे स्नायू सैल पडावे लागतात, म्हणून झोपलेल्या माणसाला आम्ही आणखी एक औषध देतो. ते दिलं की त्याचा एकही स्नायू हलत नाही. पापणी नाही, जीभ नाही, छातीसुद्धा नाही. तेवढा वेळ त्याचा श्वास मी घेते, म्हणजे हातातला रबरी फुगा दाबत बसते. काम आटोपलं की दुसरं इंजेक्शन द्यायचं, निओस्टिग्मिन. हा पहिल्या औषधाचा उतारा. तो लागू पडला की आधी पापणी हलते, मग मान, मग छाती आपली आपण चालू लागते. कितीही वेळा पाहिलं, तरी ते बघताना मला आनंद होत असे. सर्जन तोवर हात धुवून चहाला गेलेला असायचा.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास या विद्येचा थाट फारसा नव्हता. भुलीचं मशीन नगरच्या दवाखान्यात होतं. तालुक्याच्या गावी बोलावणं आलं तर ईथरची बाटली, मास्क आणि औषधांची पेटी घेऊन एस.टी.नं जायचं. ईथरचा वास साडीत मुरलेला असायचा. कंडक्टर विचारायचा, "बाई, पेटीत काय हाय?" मी खरं सांगितलं की शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची, आणि मी पेटी तिच्यावर ठेवून आरामात जायचे.

पारनेरकडचा एक पैलवान हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. मला बघून म्हणाला, "ह्या बाई मला झोपवनार व्हय?" ईथरचा मास्क लागला आणि त्यानं धरायला आलेल्या चौघांना टेबलावरून खाली घेतलं. झोपेत अख्खी कुस्ती खेळला. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "कोन जितलं?" मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई."

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण या अंकाच्या संपादकांनी 'अविस्मरणीय अनुभव' मागितला आहे, आणि अविस्मरणीय म्हणजे गमतीचा असा त्यांचा समज असावा. मी जी विसरू शकलेले नाही, ती हौसा. तिची आठवण आली की मला अजून राग येतो. तो कोणावर काढायचा हे ठरत नाही, म्हणून इथे लिहिते.

हौसा पाथर्डी तालुक्यातली. बाविशीची असेल. नवरा किसन आणि ती, दोघं कोल्हारकडच्या ऊसतोडीला आलेली. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाचट काढून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. बायको आजारी पडली तर तिचं काय होईल हा नंतरचा प्रश्न असतो. आधी कोयता मोडतो.

पाचट काढताना हौसाच्या हातातून कोयता निसटून पायावर पडला होता. घोट्याजवळच्या शिरा तुटल्या होत्या, त्या जोडायच्या होत्या. कोणालाही भूल द्यायच्या आधी मी त्याला बघून येते. तोंड किती उघडतं, मान कशी वळते, दात हलतात का. दुपारी तिच्या खाटेपाशी गेले तर ती हनुवटीखाली हात धरून बसलेली. वाटलं, बिचारी विचारात आहे. मग लक्षात आलं की तिनं हात काढला की जबडा खाली लोंबतो. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. कपाळावर भस्म होतं आणि पाठीवर फोकाचे वळ.

"हे कोणी मारलं?" मी विचारलं.

उत्तर किसननं दिलं. "मावळतीला डोळं झाकती, बोबडी बोलती. आईनं देवरुशाला दाखवलं, त्यानं झाडलं. तसं काय न्हाई बाई, सोंग हाय समदं. सकाळच्याला दोन मान्सांचं काम करती, ऊन चढलं की हातपाय गाळती. मुकादम मला म्हनतो, बायकूला वेसन घाल."

"तुला काय होतं गं?" मी तिला विचारलं.

"सकाळी लई बरं आसतं," ती म्हणाली. आवाज नाकातून येत होता. "मंग हात वर जात न्हाई. भाकर चावता चावता तोंड थकतं. पानी पेले तर नाकातून येतं."

मी तिला जात्यावरची ओवी म्हणायला लावली. वॉर्डातल्या बायका हसायला लागल्या, डॉक्टरीणबाईंना भलतीच हौस, म्हणून. पहिली ओळ तिनं खणखणीत म्हटली. दुसरीला आवाज नाकात गेला. तिसरीतला एकही शब्द कळेना, आणि ती गप्प झाली. बायकांचं हसूही थांबलं.

मी हे रोज बघत होते. टेबलावर उतारा अर्धवट लागलेला पेशंट असाच दिसतो. फरक एवढाच, की हिला औषध कोणी दिलेलं नव्हतं. तिच्या शरीरानंच ते काम स्वतःवर केलं होतं. तिचं पोट उघडायची वेळ आली असती आणि मी नेहमीचं स्नायू सैल करणारं औषध दिलं असतं, तर माझा फुगा सुटल्यावर ती श्वास घ्यायची राहिली असती.

या रोगाचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. मज्जातंतूतून स्नायूकडे निरोप जातो, पण स्नायूला तो नीट पोचत नाही. सकाळी, विश्रांतीनंतर, थोडा पोचतो. काम करत गेलं की पोचेनासा होतो. म्हणजे हा रोग दिसतो अगदी कामचुकारपणासारखा. जितकं राबाल तितका तो बळावतो, आणि बसून राहिलात तर बरं वाटतं. ऊसतोडीच्या फडात याहून वाईट दुखणं शोधून सापडणार नाही.

मी पेटीतून निओस्टिग्मिन काढलं आणि तिला टोचलं. थोड्या वेळानं पापण्या वर गेल्या. हनुवटीखालचा हात तिनं स्वतःहून काढला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पदर सारखा केला, आणि स्वच्छ आवाजात किसनला म्हणाली, "भाकर हाय का?" त्यानं फडक्यातली भाकरी दिली. ती तिनं सबंध खाल्ली, पाणी प्याली, आणि पाणी नाकातून आलं नाही. वॉर्ड गोळा झाला होता. मोठे डॉक्टरही येऊन बघून गेले. "बाई, आज तुमचा दिवस," म्हणाले.

किसन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाई, ह्ये इंजेक्शन ताकदीचं हाय का?"

नाही, मी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ताकदीचं नाही, निरोप पोचवायचं आहे, आणि तेही थोड्या वेळापुरतं. तो मान हलवत होता. पण त्यानं डोळ्यांनी जे पाहिलं होतं ते माझ्या सांगण्यानं पुसलं जाणार नव्हतं.

पाय आम्ही जागा बधिर करून शिवला. जखम भरेपर्यंत ती वॉर्डात होती, त्याच औषधाच्या गोळ्यांवर. मग मी मुंबईला माझ्या जुन्या प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वय काय? रोग किती जुना?" तरुण बाई आणि नवा रोग म्हटल्यावर म्हणाले, "घेऊन ये. थायमस काढून टाकू."

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे, काळजाच्या वर असलेली एक ग्रंथी. लहानपणी ती मोठी असते. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी तिथे तयार होतात आणि आपलं कोण, परकं कोण, हे तिथेच शिकतात. वयात आल्यावर ती आक्रसून चरबीचा पापुद्रा होऊन जाते. पण या रोगात पुष्कळदा ती जागीच राहते, आणि तिथे शिकलेल्या पेशी आपल्यालाच परकं समजून स्नायूवर उठतात, असा तज्ज्ञांचा तेव्हा संशय होता. नेमका घाव कुठे बसतो ते त्या वर्षांत नुकतं कुठे कळू लागलं होतं. ग्रंथी काढली तर तरुण बायकांना हळूहळू, वर्ष दोन वर्षांत उतार पडतो, एवढं मात्र अनुभवानं माहीत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी तिचा छातीचा फोटो उजेडावर धरला. "यात तर काहीच दिसत नाही. मग काढायचं काय? गोळीनं चालतं आहे ना, चालू द्या."

"फोटोत दिसत नाही, म्हणजे तिथे गाठ झालेली नाही. ग्रंथी जागी असू शकते," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही झोपवायचं बघा. जागं काय आहे ते आम्ही बघू." आणि ते आपल्याच विनोदावर हसले.

किसनला समजावणं त्या मानानं सोपं गेलं. करडू कापतात तेव्हा काळजाच्या वर पांढुरका लिबलिबीत गोळा असतो, तो पाहिला आहेस का, मी विचारलं.

"व्हय. कवळ्या करडात आसतोय. थोराड बोकडात न्हाई घावत."

"तोच. हिच्यात तो अजून आहे. काढायचा आहे."

"आन् काढल्यावर?"

"छातीचं हाड कापावं लागेल. ते जुळेपर्यंत ओझं उचलायचं नाही. पुढे हळूहळू बरी होईल."

त्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "मंग कोयता मोडला की बाई. मुकादमाशी बोली झालीया. हंगाम झाल्यावर नेतो."

तो दुष्ट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तो बायकोला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला होता आणि तिच्या खाटेखाली निजत होता. पण त्याच्या हिशेबात ती अर्धी होती, आणि उरलेला अर्धा तो स्वतः होता.

निओस्टिग्मिनच्या गोळ्या दवाखान्यातून देण्याची व्यवस्था मी केली. नीट बजावून सांगितलं, की गोळी जेवणाच्या आधी घ्यायची. गिळता यावं, अन्न पोटात जावं, म्हणून ती आहे. राबायला नाही. हौसानं ते माझ्यासमोर म्हणून दाखवलं.

कोल्हारला एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशनांसाठी मला अधूनमधून जावं लागे. थंडीच्या दिवसांत एकदा जाताना तोडीवाल्यांच्या कोप्यांपाशी उतरले. पाचटाच्या त्या झोपड्यांतून हौसा बाहेर आली आणि मी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, हातांच्या काड्या झाल्या होत्या.

"गोळ्या घेत नाहीस?"

"घेते की. गोळी हाताला जाती बाई, घशाला उरत न्हाई."

तिनं सांगितलं ते असं. गोळ्यांची बाटली मुकादमाच्या खिशात होती. फडात गाडी आली, मोळ्या वाहून भरायची वेळ झाली, की मुकादम येऊन तिच्या हातावर गोळी ठेवायचा. गाडी भरून होईपर्यंत गोळीचा जोर संपायचा. मग जेवायची वेळ व्हायची, आणि तिला घास गिळता यायचा नाही. भाकरी पाण्यात कुस्करून घोट घोट घ्यायची, तीही निम्मी नाकातून परत यायची. गाडी जास्त मोठी असली तर गोळ्याही जास्त.

मी मुकादमाला बोलावलं. मोठा सभ्य माणूस. माझ्यासाठी बाज टाकली, चहा मागवला. मी चिडून बोलत होते आणि तो समजूतदारपणे ऐकत होता.

"बाई, तुमी औषीद देता, त्ये लई गुनाचं हाय. पर ह्या लोकांच्या हातात दिलं तर कसंबी खात्यात. म्हनून म्या सांबाळून ठिवलं. बैलाला पेंड मी गाडी जुपायच्या आधी घालतो. जुपी सोडल्यावर घालून काय उपेग?"

त्याला यात काही चूक दिसत नव्हती. किसनलाही नाही. मी बाटली घेऊन हौसाच्या हातात दिली आणि कोल्हारला गेले. ती बाटली किती वेळ तिच्या हातात राहिली असेल याची मला कल्पना होती. सोबत पोलीस नेला असता तरी त्याला मी काय सांगणार होते? जेवायच्या आधीची गोळी कामाच्या आधी दिली, हा कुठल्या कलमातला गुन्हा?

पुढे तिला साधी सर्दी झाली. अशा पेशंटला सर्दीही पुरते. अशक्तपणा वाढला म्हणून त्यांनी गोळ्या वाढवल्या, आणि या गोळ्या फार झाल्या की स्नायू आणखीच लुळे पडतात. एका सकाळी उसाच्या ट्रकमधून तिला नगरला आणलं तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं आणि छाती जेमतेम हलत होती. मी तिच्या घशात नळी घातली आणि फुगा हातात घेतला. ऑपरेशन थिएटरात मी तासाभराचा श्वास उसना देते. हौसाला तो कित्येक दिवस द्यावा लागला. मी, दोन नर्सेस आणि वॉर्डातला एक मामा, आळीपाळीनं फुगा दाबत होतो. ती शुद्धीत होती. पापण्या उघडता येत नव्हत्या, पण मी विचारलं की उजव्या हाताचं बोट किंचित हलवायची. किसन दाराशी बसून रडत होता. मोठे डॉक्टर रोज येऊन म्हणायचे, "थांबा, सोडू नका." त्या दिवसांत त्यांनी एकही विनोद केला नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते.

ती वाचली. किसननं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि हंगाम झाला की मुंबईला नेतो म्हणून भंडाऱ्याची शपथ घेतली. हंगाम संपला, आणि तो तिला घेऊन गावी गेला. मुंबईची खाट दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. पाथर्डीकडे लोक खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. दसऱ्यानंतर किसन हौसाला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सोबत सोळा-सतरा वर्षांची एक पोरगी, हिरव्या चुड्यातली. हौसाची पाठची बहीण, फुला.

"ही कोण?" मी विचारलं, जरी ते दिसतच होतं.

"ह्येंच्याशी लगीन लावलं तिचं," हौसाच म्हणाली. "बापानं दिली. म्हनला, परकी आली तर तुला हाकलून देईल. ही घरातलीच."

"आता कोयता पुरा झाला," किसन म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर समाधान होतं. "आता हिला खुशाल न्या मुंबईला. माझी ना न्हाई."

असं दुसरं लग्न कायद्यानं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो कायदा बहुधा पाथर्डीच्या एस.टी.त चढायचा राहिला होता. माझ्या डोक्यात तेव्हा कायदा नव्हता, ग्रंथी होती. मी फोन लावला, खाट ठरवली. आणि मग हौसाच नाही म्हणाली.

किसन आणि फुला बाहेर गेल्यावर ती माझ्या खोलीत जमिनीवर बसली. "बाई, आता बरं चाललंय. मी गावाला ऱ्हाते, सासूसंगं. शेळ्या बघते. गोळी खाते आन् लगी भाकर खाते, तुमी सांगितलं तशी. निजले तर कोन उठवत न्हाई. लगीन झाल्यापून पहिल्यांदा घरात बसलेय. काहून कापता मला?"

"पुन्हा सर्दी झाली तर? गावाला तुझा फुगा कोण दाबेल?"

 ते दिवस तिच्याही लक्षात असणार.

"हौसा, हा गोळा काढला की बरी होशील. गोळीसुद्धा लागणार नाही. पोटभर खाशील, ओव्या म्हणशील, पाहिजे ते करशील."

"पायजे त्ये?" ती म्हणाली आणि हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमी म्हनता तर चला."

मी रजा काढून तिच्याबरोबर मुंबईला गेले. प्राध्यापकांनी भूल मलाच द्यायला सांगितली. स्नायू सैल करायचं औषध न वापरता, नुसत्या वायूवर आणि ईथरवर. करवतीनं हाड उघडलं, आणि तो गोळा बाहेर आला. तिच्या वयाला शोभणार नाही एवढा मोठा, गुलाबी, चांगला जागा. प्राध्यापकांनी तो माझ्यासमोर धरला. फोटोत न दिसलेली ती गोष्ट मोठ्या डॉक्टरांना नेऊन दाखवावी, असं मला फार वाटलं.

नंतरचं सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. सहा-आठ महिने फरक दिसेना. मग गोळ्या एकेक करून कमी होऊ लागल्या. दर खेपेला ती पाथर्डीच्या गाडीनं यायची आणि मी तिला ओवी म्हणायला लावायचे. एकदा तिनं ती शेवटपर्यंत म्हटली, आणि मी गोळ्या बंद केल्या. त्यानंतर तिची खेप बंद झाली.

प्राध्यापक नगरला डॉक्टरांपुढे व्याख्यानाला आले, तेव्हा त्यांनी पडद्यावर हौसाची छायाचित्रं दाखवली. मिटलेल्या पापण्या, मग उघडे डोळे. किसन आणि हौसाचा कोयता पुन्हा कोल्हारकडे आल्याचं त्यांना मोठ्या डॉक्टरांकडून कळलं होतं. व्याख्यानाचा शेवट त्यांनी असा केला, की रोग पूर्ण हटला असून पेशंट पूर्वीचंच कष्टाचं काम पूर्ण क्षमतेनं करत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून मला पुढे बोलावलं. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच.

हौसा मला भेटली त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कोल्हारच्या अलीकडे. एस.टी. पंक्चर झाली होती म्हणून आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो. बांधावरून एक बाई माझ्याकडे बघत होती. डोळे सताड उघडे. चोळीच्या वर, गळ्याच्या खोबणीत, माझ्या ओळखीच्या टाक्यांची वरची टोकं.

"फुला कुठे?" मी विचारलं.

"बाळातीन हाय. गावाला ऱ्हायली. म्हनून ह्येनी मला आनलं. कोयता मोडाया नको."

"गिळता येतं?"

"येतं."

"हात वर जातात?"

तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दाखवले. तळहात पाचटानं चिरलेले होते.

"थकायला होतं का संध्याकाळी?"

"न्हाई व्हत. तेवढंच वाईट झालं बगा," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, नाकात अजिबात जात नव्हता. "आदी डोळं मिटलं की मुकादमबी म्हनायचा, जाऊ द्या, हिचं संपलं आज. आता कोन म्हनतंय? तुमी म्हनल्या व्हत्या, गोळा काढला की बरी व्हशील. झाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. जीव वाचला हे काय कमी, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि पुढेही सांगत आले. पुन्हा तशीच हौसा समोर आली तर मी पुन्हा तिला मुंबईला नेईन. पण ती बरी होऊन कोणाच्या उपयोगी पडणार हे मला आता माहीत आहे, आणि त्यावर माझ्या पेटीत औषध नाही.

फडातून किसननं हाक मारली. गाडी आली होती. हौसानं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि पायाशी पडलेल्या मोळीकडे बघितलं. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं.

"बाई, जरा हात लावता का?" ती म्हणाली.

मी पेटी खाली ठेवली आणि हात लावला. दोघींनी मिळून मोळी तिच्या डोक्यावर चढवली. मान ताठ ठेवून, एकदाही न थांबता, ती गाडीपर्यंत गेली.